निरोपाचा पुष्पगुच्छ

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कमी पावसाचा मुलूख. तेथील एका खेड्याच्या शाळेत फेब्रुवारी महिन्याच्या अखेरच्या दिवशी एक लहानसा समारंभ झाला. सातवीच्या वर्गाला मराठी शिकविणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या सेवेनंतर त्या दिवशी निवृत्त होत होत्या. गावकऱ्यांनी त्यांना शाल व श्रीफळ दिले. मुलांनी दिला एक पुष्पगुच्छ.

हा पुष्पगुच्छ बाजारातून आणलेला नव्हता. प्रत्येकाने आपल्या घरचे किंवा शेतातले काहीतरी आणावयाचे, असे मुलांनी आधीच ठरविले होते. वर्गनायिकेने अंगणातला तांबडा गावठी गुलाब आणला. मळ्यात राहणाऱ्या दोघा भावांनी झेंडू आणि पिवळी शेवंती आणली. एका मुलाने विहिरीच्या कडेला फुललेला निशिगंधाचा एकुलता एक दांडा कापून आणला. देवळापाशी राहणाऱ्या एका मुलीने पहाटे उठून बकुळीची फुले वेचली व त्यांची माळ करून ती गुच्छाच्या देठांभोवती गुंडाळली. कोणी आंब्याचा मोहोर आणला. एका मुलाच्या घरी फुलझाड असे नव्हतेच. तो थोडा वेळ दाराशी घुटमळला आणि मग पाठीमागे लपविलेले ज्वारीचे एक भरदार कणीस त्याने पुढे केले. तेही गुच्छात गेले आणि शोभून दिसले.

बाईंनी गुच्छ हातात घेतला. एकेका फुलाला बोट लावून ते कोणी आणले, हे त्यांनी विचारले. मग त्या म्हणाल्या, “मुलांनो, हार आणि गुच्छ सेवेत पुष्कळ मिळाले. दुसऱ्या दिवशी ते कोमेजले आणि मी ते झाडांच्या आळ्यात टाकले. पण या गुच्छात तुमच्या प्रत्येकाचे अंगण आहे. हा मला जपून ठेवावयाचा आहे. मी उद्या मुलाकडे जाईन आणि गुढीपाडव्याला परत येईन. तोवर हा टिकेल असा करून ठेवा. कसा, ते तुम्हीच ठरवा.”

असे म्हणून त्यांनी तो गुच्छ वर्गनायिकेच्या हाती परत दिला.

समारंभ संपला आणि वर्गात एकच गलका उडाला. गुच्छ पाण्यात ठेवावा, पाण्यात साखर घालावी, तो शीतपेटीत ठेवावा, अशा नाना सूचना निघाल्या. इतक्यात विज्ञानाचे गुरुजी वर्गात आले. त्यांनी सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पाण्यात ठेवलेला गुच्छ आठवडाभर ताजा राहील, थंडाव्यात आणखी थोडे दिवस राहील. पण ताजे ठेवणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे. बाईंना गुच्छ आठवड्यासाठी नको आहे, पुढच्या कित्येक वर्षांसाठी हवा आहे.”

“पण फूल कोमेजतेच का, गुरुजी?” एका मुलीने विचारले.

गुरुजींनी गुलाबाची खाली पडलेली एक पाकळी उचलून तळहातावर ठेवली. ते म्हणाले, “या पाकळीच्या वजनातला फार मोठा भाग पाण्याचा आहे. फुलांच्या वजनात साधारणपणे ८० ते ९० टक्के पाणी असते. पेशींमध्ये भरलेल्या या पाण्यामुळेच पाकळी ताठ उभी राहते. फूल झाडावरून तोडले की मुळांकडून येणारे पाणी थांबते. पाकळ्यांतून मात्र ते उडून जातच असते. म्हणून फूल मान टाकते. पुढे त्याच उरलेल्या पाण्याच्या आधाराने बुरशी आणि सूक्ष्म जंतू वाढतात व फूल सडते. तेव्हा फूल जपावयाचे असेल, तर पहिले काम एकच. त्यातले पाणी अशा रीतीने काढून घ्यावयाचे की पाणी जाईल, पण फूल उरेल.”

“पाणी काढले तर फूल किती दिवस टिकते?”

या प्रश्नावर गुरुजींनी मुलांना एक हकीकत सांगितली. १९२२ साली हॉवर्ड कार्टर या संशोधकाला इजिप्त देशात, लक्सरजवळच्या राजांच्या दरीत, तूतनखामेन या तरुण राजाची कबर सापडली. हा राजा सुमारे ३३०० वर्षांपूर्वी मरण पावला होता. कबरीत सोन्याचे अलंकार होते, रथ होते, सिंहासन होते. परंतु पुढे राजाच्या शवपेटिका उघडण्यात आल्या, तेव्हा त्यांवर आणखी एक वस्तू आढळली. ती म्हणजे फुलापानांच्या लहान माळा. ऑलिव्हची पाने, निळ्या कमळाच्या पाकळ्या आणि शेतात उगवणारी निळी रानफुले त्यांत गुंफलेली होती. फुले ठिसूळ झाली होती, हात लावताच चुरा व्हावा अशी. तरीही ती कोणती फुले आहेत हे ओळखता येत होते आणि त्यांच्यात रंगाची किंचित छटाही उरली होती. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती फुले तपासली. ही फुले मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलतात; यावरून राजाचा दफनविधी वसंत ऋतूत झाला असावा, असा तर्क त्यांनी केला. राजाचे नाव सोन्यावर कोरलेले होते. त्याला निरोप देण्याचा ऋतू मात्र फुलांनी सांगितला.

“त्या फुलांना कोणतेही औषध लावलेले नव्हते,” गुरुजी म्हणाले. “वाळवंटातील कोरडी हवा आणि कबरीतील अंधार, या दोहोंनी ती राखली. आपल्या गावची हवा या दिवसांत बरीच कोरडी असते. पाऊस चार महिने दूर आहे. वेळ आपल्याला अनुकूल आहे. मात्र आजच ठरवावे लागेल. उद्या फुले मलूल होतील आणि मलूल झालेले फूल मलूलच सुकते.”

मुले गंभीर झाली. गुच्छ एकच होता. एखादा प्रयोग फसला, तर पुन्हा करून पाहण्यास दुसरा गुच्छ मिळणार नव्हता.

गुरुजींनी खडू घेतला आणि विचारले, “आधी सांगा, या गुच्छातले काय जपावयाचे?”

“त्याचा रंग,” वर्गनायिका म्हणाली.

“फुलांची घडण, गुरुजी. गुलाब गुलाबासारखा दिसला पाहिजे.”

“वास,” बकुळीची माळ करणारी मुलगी हळूच म्हणाली.

ज्वारीचे कणीस आणणारा मुलगा थोडा विचार करून म्हणाला, “कोणी काय आणले होते, ते कळले पाहिजे.”

गुरुजींनी फळ्यावर चार शब्द लिहिले: रंग, आकार, वास, ओळख. ते म्हणाले, “या चारही गोष्टी एकदम राखणारी रीत कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येक रीत काही राखते आणि काही सोडून देते. आता एकेक रीत सांगा. तिच्याने काय राहील आणि काय जाईल, ते आपण पाहू.”

पुण्याला राहणाऱ्या मामाकडे एका मुलाने काचेसारख्या पारदर्शक ठोकळ्यात बंद केलेला गुलाब पाहिला होता. त्याने त्याची आठवण काढली. गुरुजी म्हणाले, “तो ठोकळा रेझिनचा. दोन पातळ द्रव्ये ठराविक प्रमाणात मिसळली की ती घट्ट होतात; त्यांत फूल बसवितात. पण फूल आधी पूर्ण सुकवावे लागते. ओले फूल आत ठेवले, तर ते आतच काळे पडते आणि मग बाहेर काढता येत नाही. रेझिनच्या वाफा बाधक असतात, म्हणून ते काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, जाणत्या माणसानेच करावयाचे असते. आकार राहतो, रंगही बराच राहतो. मात्र काही वर्षांनी उजेडाने रेझिन पिवळसर होते. आणि वास तर राहतच नाही.”

“यंत्राने फुले सुकवितात म्हणे,” दुसरा म्हणाला.

“सुकवितात. फूल शून्याच्या पुष्कळ खालच्या तापमानाला गोठवितात आणि ते यंत्रात ठेवून आतली हवा काढून घेतात. अशा निर्वात स्थितीत फुलातल्या बर्फाचे पाणी न होता त्याची एकदम वाफ होते. पाणी झालेच नाही, म्हणून पाकळी आकसत नाही. आकार आणि रंग राखण्यात ही रीत फार चांगली. पण तिला मोठे यंत्र, पुष्कळ दिवस आणि बराच पैसा लागतो.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. वर्गाच्या निधीत समारंभाचा खर्च जाऊन फारसे काही उरले नव्हते. गुरुजी हसून म्हणाले, “खिन्न होऊ नका. यंत्र निघण्यापूर्वीही लोक फुले जपतच होते. आणि त्या रीतींना वर्तमानपत्राची रद्दी, ओढ्याची वाळू आणि सुतळी एवढेच साहित्य लागते.”

त्यांनी मग तीन रीती समजावून सांगितल्या.

पहिली रीत टांगून वाळविण्याची. फुलांच्या देठांवरची खालची पाने काढून टाकावयाची, चार-पाच देठांची लहान जुडी बांधावयाची आणि ती अंधाऱ्या, कोरड्या, वारा खेळता असलेल्या जागी उलटी टांगावयाची. उलटी अशासाठी की देठ मऊ असतानाच फुलाच्या वजनाने मान मोडते. उलट्या फुलाची मान सरळ राहते. अंधारात अशासाठी की उन्हाने रंग विटतो. दोन ते तीन आठवड्यांत फूल वाळते. ज्या फुलांच्या पाकळ्या मुळातच कोरड्या असतात, त्यांना ही रीत मानवते.

दुसरी रीत दाबून वाळविण्याची. फूल रद्दीच्या किंवा टीपकागदाच्या थरांत पसरून ठेवावयाचे आणि वर फळी व विटांचे वजन ठेवावयाचे. कागद ओलावा शोषून घेतो, म्हणून पहिला आठवडा तो रोज बदलावयाचा. कागद बदलण्याचा आळस केला, तर फूल काळे पडते किंवा त्याला बुरशी येते. या रीतीने फुलाची रेषा न् रेषा उमटते, परंतु उंची नाहीशी होते. जाड फूल दाबले, तर त्याचा लगदा होण्याचा संभव असतो.

तिसरी रीत वाळूत पुरून वाळविण्याची. वाळू बारीक चाळावयाची, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावयाची, तव्यावर भाजून कोरडी करावयाची आणि थंड होऊ द्यावयाची. डब्याच्या तळाशी वाळूचा थर पसरून त्यात फूल उभे बसवावयाचे आणि वरून चिमटीचिमटीने, पाकळीपाकळीच्या मधून, वाळू सोडावयाची. वाळू चहूबाजूंनी आधार देते. त्यामुळे पाकळ्या सुकताना वाकड्या होत नाहीत. डबा उघडाच ठेवावयाचा. दोन-तीन आठवड्यांनी डबा कलता करून वाळू हळूच ओतून टाकली की फूल आपल्या मूळ घडणीत हाती येते. आता वाळूऐवजी सिलिका जेल नावाचे दाणेही वापरतात. नव्या पादत्राणांच्या खोक्यात ज्या लहान पुड्या मिळतात, त्यांत हेच दाणे असतात. ते ओलावा फार वेगाने शोषतात आणि सुमारे आठवड्यात फूल वाळवितात. मात्र ते तोंडात जाऊ देऊ नयेत आणि त्यांची धूळ नाकात जाऊ देऊ नये.

“आणि ग्लिसरीन?” एकीने कोठेतरी वाचले होते.

“ते पानांसाठी. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी अशा मिश्रणात पानांचे देठ ठेवले की पाण्याबरोबर ग्लिसरीनही पानांत चढते. पाणी उडून जाते, ग्लिसरीन राहते. त्यामुळे पाने वाळूनही लवचीक राहतात. त्यांचा हिरवा रंग मात्र तपकिरी होतो.”

एवढे ऐकून मुलांना उमगले की सबंध गुच्छासाठी एकच रीत शोधणे हीच त्यांची चूक होती. गुलाब आणि कणीस यांचा स्वभाव एक नाही. मग त्यांना एकच उपाय कसा चालेल? गुच्छ सोडावयाचा, प्रत्येक फुलाला त्याच्या स्वभावानुसार सुकवावयाचे आणि पाडव्यापूर्वी पुन्हा एकत्र बांधावयाचे, असे ठरले. सोडण्यापूर्वी एका मुलाने सबंध गुच्छाचे चित्र काढून त्यात रंग भरले, कारण ताज्या फुलांचे रंग तसेच राहणार नव्हते.

सुतळी सोडताना वर्गनायिकेचा हात क्षणभर थांबला. पण वेळ थोडा होता.

झेंडू, शेवंती आणि कणीस यांच्या जुड्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत उलट्या टांगल्या गेल्या. गुलाबासाठी ओढ्याची वाळू धुऊन, भाजून तयार करण्यात आली. आंब्याचा मोहोर रद्दीत दाबला गेला. बकुळीची माळ सावलीत पातळ फडक्यावर पसरली.

प्रश्न उरला तो निशिगंधाचा. बाजारात ज्याला गुलछडी म्हणतात, तेच हे फूल. गुरुजींनी त्याची एक कळी बोटांत दाबून पाहिली आणि ते म्हणाले, “या पाकळ्या मांसल आहेत. त्यांत पाणी फार असते आणि पांढरा रंग वाळताना तपकिरी होतो. घरगुती रीतीने हे फूल चांगले राहील असे मला वाटत नाही.”

“तरी करून पाहू का, गुरुजी?” दांडा आणणाऱ्या मुलाने विचारले.

“अवश्य. काही फुले दाब, काही वाळूत ठेव. मात्र फसले तर वाईट वाटून घेऊ नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचा नित्यक्रमच ठरला. प्रार्थनेपूर्वी दोघांनी रद्दी बदलावयाची. जुनी रद्दी उन्हात वाळवून पुन्हा वापरावयाची. अडगळीच्या खोलीचे दार कोणी उघडे टाकू नये, म्हणून त्यावर एक चिठ्ठी लावण्यात आली. वाळूचा डबा उघडून पाहण्याचा मोह सर्वांनाच होई. पण गुरुजींनी तीन आठवड्यांची मुदत घातली होती आणि वर्गनायिका ती कसोशीने पाळीत होती.

एके दिवशी गुरुजींनी वनस्पतिशास्त्रज्ञ फुले कशी जपतात, ते सांगितले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम नावाचा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. पुण्यालाही भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रात असा संग्रह आहे. रानावनांतून गोळा केलेल्या फांद्या तेथे कागदात दाबून वाळवितात आणि जाड कागदावर चिकटवितात. तेथील फुलांचे रंग बहुधा उडालेले असतात, वास तर नसतोच. तरीही ती फुले मोलाची मानतात.

“का बरे?” मुलांनी विचारले.

“कारण प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. वनस्पतीचे नाव, ती कोठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली, हे सारे तिच्यावर लिहिलेले असते. आज एखाद्या डोंगरावर ती वनस्पती नाहीशी झाली असली, तरी पूर्वी ती तेथे फुलत होती याचा पुरावा त्या कागदावर मिळतो. चिठ्ठी नसेल, तर त्याच फांदीचा पालापाचोळा होतो. फूल काय होते ते फुलाकडून कळते; ते कोणाचे आणि केव्हाचे, हे चिठ्ठीकडून.”

ज्वारीचे कणीस आणणारा मुलगा हे ऐकून आनंदला. समारंभाच्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या चार शब्दांतला ‘ओळख’ हा शब्द त्याचा होता. त्याच दिवशी त्याने जाड कागदाच्या सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या कापल्या.

तीन आठवडे झाले. मुलांनी एकेक वस्तू बाहेर काढली. झेंडूचा केशरी रंग जवळजवळ तसाच राहिला होता. शेवंती किंचित फिकी झाली होती. कणीस तर जसेच्या तसे होते. गुलाब वाळूतून बाहेर आला, तेव्हा सर्वांनी श्वास रोखून धरले. त्याची एकही पाकळी वाकली नव्हती. तांबडा रंग मात्र गडद होऊन जांभळाच्या रसासारखा झाला होता. “तांबडी फुले वाळताना काळसर होतात,” गुरुजी म्हणाले, “आणि पिवळी, केशरी फुले त्या मानाने रंग राखतात. दोहोंतली रंगद्रव्ये निरनिराळी आहेत.” मोहोराची बारीक फुले थोडी गळाली, पण त्याची नाजूक शाखा कागदावर रेखीव उमटली. बकुळीची फुले अगदी तपकिरी झाली होती. कोणाच्या नजरेत भरावीत अशी ती उरली नव्हती. पण फडके उचलताच त्यांचा गोड वास आला. सुकल्यावरही वास राखावा, हा बकुळीचा स्वभावच आहे.

निशिगंध मात्र टिकला नाही. दाबलेली फुले तपकिरी डागांसारखी कागदाला चिकटली होती. वाळूतली आकसून गेली होती आणि काहींवर बुरशी होती. त्या मुलाने ती कागदात गुंडाळली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “माझी चिठ्ठी लिहू नका. फूलच नाही, तर चिठ्ठी कशाला?”

वर्गात कोणी काही बोलले नाही. मग कणीसवाला मुलगा म्हणाला, “गुच्छात फूल होते ना? मग चिठ्ठीही पाहिजे. नाही तर बाईंना वाटेल की तू काही आणलेच नव्हतेस.”

गावच्या सुताराने पुढे काच असलेली एक उथळ लाकडी पेटी करून दिली. मुलांनी तीत फुले मांडली. बकुळीची फुले एका लहान झाकणाच्या डबीत घालून कोपऱ्यात ठेवली. हवेतला ओलावा फुलांत पुन्हा शिरू नये, म्हणून नव्या पादत्राणांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या सिलिका जेलच्या पुड्या मागे लपवून ठेवल्या. प्रत्येक फुलाखाली चिठ्ठी लावली: फुलाचे नाव, आणणाऱ्याचे नाव, ते कोठे फुलले ती जागा आणि तारीख. एके ठिकाणी जागा मोकळी होती. तिच्याखालीही चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते, ‘निशिगंध. विहिरीच्या कडेचा. वाळविताना टिकला नाही.’ आणि त्या मुलाचे नाव.

गुढीपाडव्याच्या दिवशी सकाळी बाई शाळेत आल्या. पेटी हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. बकुळीची डबी उघडून वास घेतला. मोकळ्या जागेपाशी त्या थांबल्या.

“हा दांडा मला चांगला आठवतो,” त्या म्हणाल्या. “घरी जाईपर्यंत माझ्या हाताला त्याचा वास येत होता. कोठे आहे हा?”

तो मुलगा मागच्या बाकावरून पुढे आला. त्याच्या हातात वर्तमानपत्राची एक पुडी होती. ती त्याने बाईंपुढे उघडून धरली. आत मातीने माखलेले तीन कंद होते.

“त्याच झाडाचे आहेत, बाई,” तो म्हणाला. “वडील म्हणाले, निशिगंध कंदापासून येतो आणि लावायचे दिवस हेच आहेत. ऊन मिळेल तेथे लावा. पाणी साचू देऊ नका.”

बाईंनी पुडी घेतली आणि पेटीतली मोकळी जागा पुन्हा एकदा पाहिली. मग त्यांनी पेन मागून घेतले, पेटीची काच सरकविली आणि त्या चिठ्ठीवर, मुलांनी लिहिलेल्या ओळीखाली, आपल्या वळणदार अक्षरांत एक ओळ वाढविली: ‘तीन कंद मिळाले. गुढीपाडवा.’

शब्दार्थ

घुटमळणे – पुढे जावे की नाही अशा विचारात एका जागी रेंगाळणे. मलूल – कोमेजलेले. निर्वात – ज्यात हवा नाही असे. मांसल – जाड व रसाळ. विटणे – रंग फिका पडणे. कसोशीने – फार काळजीपूर्वक.

स्वाध्याय

१. ‘ताजे ठेवणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे’ असे गुरुजी का म्हणाले?
२. कारणे द्या: (अ) फुले उलटी टांगतात. (आ) दाबलेल्या फुलांची रद्दी रोज बदलतात. (इ) मुलांनी गुच्छ सोडण्यापूर्वी त्याचे चित्र काढले.
३. तूतनखामेनच्या कबरीतील फुलांवरून शास्त्रज्ञांनी कोणता तर्क केला?
४. गुच्छातील प्रत्येक फुलासाठी मुलांनी कोणती रीत निवडली व त्या फुलाचे काय राहिले, याचा तक्ता तयार करा.
५. निशिगंधाची चिठ्ठी पेटीत लावणे योग्य होते का? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.
६. उपक्रम: घराजवळचे एखादे लहान, पातळ पाकळ्यांचे फूल रद्दीत दाबून वाळवा. त्याखाली नाव, जागा, तारीख व आपले नाव असलेली चिठ्ठी लावा.